नवीन गिझर बसवल्यावर गरम पाण्याचा जोड पुन्हा पुन्हा का गळतो

नागपुरात थंडी पडली की ही तक्रार हमखास ऐकू येते. जुना गिझर काढला, नवा बसवला आणि तेव्हापासून गरम पाण्याच्या बाजूचा जोड गळतोय. प्लंबर येतो, जोड उघडतो, टेफ्लॉन टेपचे आणखी चार वेढे मारतो आणि पाना लावून गच्च आवळतो. "आता नाही गळत पहा काकू," असं म्हणून जातो. दोन-तीन आठवडे बरे जातात आणि मग टाइल्सवर पुन्हा ओघळ दिसतो. पुन्हा फोन, पुन्हा टेप.

इमारतींच्या देखभालीच्या कामात मी असे जोड बेसा-मनीषनगरकडच्या नव्या फ्लॅटमध्येही पाहतो आणि महाल-धरमपेठेतल्या जुन्या घरांतही. माझं ठाम मत झालंय की गळणाऱ्या जोडाकडेच बघत राहिलं तर ही गळती कधीच बंद होत नाही. पाणी तिथून बाहेर येतं एवढंच. त्या जोडाला कुणीतरी ओढत असतं, पिळत असतं किंवा आतून दाबत असतं. ते कोण करतंय हे आधी शोधावं लागतं.

हात लावण्यापूर्वी गिझरचा एमसीबी, म्हणजे विजेच्या बोर्डातला त्याचा स्विच, बंद करा. नुसतं बटण बंद करून चालणार नाही. गळतं पाणी गिझरच्या वायरीवर किंवा सॉकेटवर जात असेल, तर दुरुस्ती होईपर्यंत गिझर वापरूच नका. घरात ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती झाली की पुरवठा लगेच तोडणारा स्विच, नसेल तर तो इलेक्ट्रिशियनकडून लावून घ्या. बाथरूममध्ये त्याच्याइतकी कामाची दुसरी वस्तू नाही.

गळती नेमकी कधी होते

हे बघायला एक दिवस द्या, अर्धं निदान तिथेच होतं. सगळे जोड कोरड्या फडक्याने पुसा. प्रत्येक जोडाभोवती वर्तमानपत्राच्या कागदाची पट्टी गुंडाळा आणि दोऱ्याने सैल बांधा. कागद ओला झाला की लगेच काळपट पडतो, त्यामुळे पाणी सर्वांत आधी कुठे आलं ते कळतं. पाणी पाइपच्या अंगाने खाली ओघळतं आणि एल्बोच्या टोकावर थेंब धरतं, म्हणून लोक एल्बोला दोष देतात. प्रत्यक्षात पाणी हातभर वरच्या निप्पलातून, म्हणजे गिझरमधून बाहेर आलेल्या आटीच्या धातूच्या तोंडापासून, येत असतं. कागद सर्वांत वरचा ओला कोणता, ते बघायचं.

मग वेळ बघा. जोड पहाटे गार असताना गळत असेल आणि गिझर तापला की आपोआप थांबत असेल, तर प्लॅस्टिकच्या आट्या (फिरवून बसवायच्या चुड्या) आणि पितळेच्या आट्या एकमेकांत बसवलेला जोड तपासा. सीपीव्हीसी, म्हणजे गरम पाण्याच्या पाइपचं प्लॅस्टिक, तापल्यावर पितळेच्या तिपटीहून जास्त फुगतो. पितळेच्या आत बसवलेली प्लॅस्टिकची आटी तापली की फुगून घट्ट बसते, पण बाहेर जायला जागा नसल्यामुळे दबून थोडी बारीकही होते. गार झाल्यावर ती आकसते आणि फट उघडते. रोज तापणं, रोज गार होणं, असं चालू राहिलं की टेप कितीही मारा, फट थोडी थोडी वाढतच जाते. थंडीत तक्रारी जास्त येतात त्याचं हे एक कारण. रात्रीचं गार पाणी आणि गिझरचं ६० अंशांचं पाणी यांच्यातला फरक तेव्हा सर्वांत मोठा असतो. २०१८ च्या डिसेंबरअखेरीस नागपुरात पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. तशा पहाटे गच्चीवरच्या टाकीतून येणारं पाणी किती गार असतं ते वेगळं सांगायला नको.

याच्या उलट, गिझर तापत असताना कागद ओला होत असेल आणि कुठलाही गरम नळ उघडल्याबरोबर गळती थांबत असेल, तर दोष दाबाचा आहे. त्याबद्दल पुढे लिहिलंय.

नळ चालू असताना, म्हणजे गरम पाणी पाइपमधून धावत असतानाच थेंब पडत असतील, तर पाइप लांब होऊन जोडाला ढकलतोय. आणि रात्रंदिवस एकसारखी गळती असेल, तर जोडाला चीर गेली आहे किंवा सोल्युशनने (पाइप चिकटवायच्या द्रावाने) केलेला जोड मुळातच नीट झालेला नाही. अशा वेळी आणखी आवळू नका, चीर वाढेल.

ओढ कुठून येते

जुना गिझर बहुतेक घरांत २५ लिटरचा असतो, नवा घेताना लोक १५ लिटरचा घेतात. कधी आडव्याच्या जागी उभा येतो. दोन्ही निप्पलांमधलं अंतर बदलतं, उंची बदलते आणि भिंतीतून बाहेर आलेले पॉइंट मात्र जिथल्या तिथे असतात. टाइल्स फोडायला कुणाचीच तयारी नसते, ते साहजिकच आहे. मग प्लंबर सीपीव्हीसीचा तुकडा थोडा वाकवतो, थोडा ताणतो आणि आटी धरली की सोडून देतो. जीआयच्या, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी पाइपांच्या काळात हे खपून जायचं, कारण लोखंड तेवढा ताण सोसायचं. सीपीव्हीसी सोसत नाही. तो लगेच तुटत नाही, म्हणून काम झाल्यासारखं वाटतं, पण वाकवलेला पाइप सतत सरळ व्हायला बघतो आणि त्याचं सगळं बळ आटीच्या मुळाशी येतं.

ओळखायची रीत सोपी आहे. पाणी बंद करून गिझरकडचं नट सोडवा. नट सुटल्याबरोबर पाइप बाजूला सरकला, वर उडाला किंवा निप्पलापासून लांब गेला, तर ओढ तिथेच आहे. नट सुटल्यावरही पाइपचं तोंड निप्पलासमोर शांत राहायला हवं, हाताने दाबून समोर आणावं लागता कामा नये. मी कुठलाही गळका जोड बघतो तेव्हा हे सर्वांत आधी करतो. टेपकडे नंतर बघतो.

दुसरी ओढ उष्णतेची. सीपीव्हीसीचा १ मीटर पाइप तापमान १ अंशाने वाढलं की साधारण ०.०६ ते ०.०७ मिलिमीटरने लांब होतो. आकडा क्षुल्लक वाटतो. पण गिझरपासून शॉवरच्या मिक्सरपर्यंत ३ मीटरचा सरळ पाइप असेल आणि तो १८ अंशांवरून ६० वर गेला, तर तो सुमारे ८ मिलिमीटरने वाढतो. त्याला दोन्ही टोकांना घट्ट आवळलं असेल तर ती लांबी जाणार कुठे? ती कमजोर जोडावर जाते. भिंतीवरून उघडा नेलेला पाइप असेल तर क्लॅम्प साधारण तीन-तीन फुटांवर हवेत, पण त्यांनी पाइपला नुसता आधार द्यायचा, गळा धरायचा नाही. पाइप क्लॅम्पमधून हाताने सरकला पाहिजे. लांब सरळ ओळीत एक वळण घेतलं, म्हणजे दोन एल्बो टाकून पाइप थोडा बाजूला नेला, तर वाढलेली लांबी त्या वळणात जिरते.

यावर मला सापडलेला सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे गिझर आणि भिंतीतला पॉइंट यांच्यामध्ये प्लॅस्टिकचा कडक तुकडा ठेवायचाच नाही. स्टीलच्या जाळीची लवचिक कनेक्शन नळी लावायची. १८ इंची नळी बहुतेक ठिकाणी पुरते, अंतर जास्त असेल तर २४ इंची घ्यायची. गरम बाजूला लावायची नळी गरम पाण्यासाठीची आहे ना, हे वेष्टनावर वाचूनच घ्या. स्वस्तातल्या काही नळ्या फक्त बेसिनच्या गार पाण्यासाठी असतात आणि गरम पाण्यावर आतलं रबर लवकर कडक होतं. इतवारीच्या लोहाओळीत दोन्ही प्रकार मिळतात, दुकानदाराला स्पष्ट सांगा की गिझरला लावायची आहे. नळी ताणून लावू नका, पिळूही नका. थोडी सैल, हलकी कमान राहिली पाहिजे.

या नळीच्या टोकाला रबरी वॉशर असतो आणि तो निप्पलाच्या सपाट तोंडावर बसून पाणी अडवतो. तिथे टेपचं काही काम नाही. उलट टेप मारला की नट पुरतं चढत नाही, वॉशर दबत नाही आणि गळतं. हाताने घट्ट करा, मग पान्याने पाव फेरा, फार तर अर्धा. बस.

प्लॅस्टिकची आटी

त्रिमूर्तीनगरातल्या एका घरातला जोड मी कापून बाहेर काढला होता. आतून आटी असलेला प्लॅस्टिकचा अडॅप्टर, त्यात गिझरचं धातूचं निप्पल फिरवलेलं. बाहेरून अगदी ठीक दिसत होता. टॉर्च तिरका धरल्यावर आटीच्या तोंडापासून मागे गेलेली केसासारखी बारीक चीर दिसली आणि त्या चिरेवर पांढऱ्या क्षाराची रेघ जमली होती. ती रेघ महत्त्वाची. बोअरचं जड पाणी झिरपून वाळतं तेव्हा क्षार मागे राहतो, म्हणजे चीर नवी नव्हती, बरेच दिवस तिथून पाणी येत होतं. आत टेपचा जाड गोळा निघाला. प्रत्येक वेळी गळलं की टेप वाढवला, टेप वाढला की निप्पल पाचरीसारखं आत शिरलं आणि अडॅप्टर आतून उकलत गेला.

म्हणून गरम पाण्याच्या बाजूला नुसती प्लॅस्टिकची आतली आटी वापरूच नका. पितळेची आटी आत बसवलेला सीपीव्हीसी अडॅप्टर मिळतो, तोच घ्या. किंमत जास्त आहे, पण फोडलेल्या टाइल्सपेक्षा कितीतरी कमी. टेप निप्पलाच्या तोंडाकडून पाहिलं तर घड्याळाच्या दिशेने गुंडाळायचा, म्हणजे आवळताना तो उलगडत नाही. पितळेवर टेपचे वेढे थोडे जास्त झाले तरी बिघडत नाही, प्लॅस्टिकवर बिघडतं.

आणि सूत-सफेदा, म्हणजे आटीवर गुंडाळायचा धागा आणि त्यावर लावायची तेलातली पांढरी लुगदी, प्लॅस्टिकजवळ आणायचाच नाही. जीआयवर तो उत्तम चालतो, जुने मिस्त्री त्यात तरबेज असतात, पण सफेद्यातलं तेल सीपीव्हीसीला सोसत नाही. तेल, ग्रीस, ऑइल पेंट, थिनर यांच्यामुळे ताणाखाली असलेल्या सीपीव्हीसीला बारीक चिरा जातात. रबरी वॉशर सहज बसावा म्हणून खोबरेल लावणारे मी पाहिले आहेत. पाणी लावा, तेवढं पुरतं.

इथेच पाइप कोणता आहे तेही बघून घ्या. गरम पाण्यासाठीचा सीपीव्हीसी फिकट पिवळसर, साईच्या रंगाचा असतो आणि त्यावर आयएस १५७७८ छापलेलं असतं. एसडीआर म्हणजे पाइपचा बाहेरचा व्यास भागिले भिंतीची जाडी, म्हणून एसडीआर ११ लिहिलेला पाइप एसडीआर १३.५ पेक्षा जाड भिंतीचा. पांढरा यूपीव्हीसी गार पाण्यासाठी असतो, तो ६० अंशांच्या जवळपास मऊ पडतो. अर्ध्या इंचाच्या सीपीव्हीसीचा बाहेरचा व्यास १५.९ मिलिमीटर आणि अर्ध्या इंचाच्या यूपीव्हीसीचा २१.३, त्यामुळे एकाची फिटिंग दुसऱ्याला बसत नाही. सोल्युशनही वेगळं असतं. गंमत अशी की गिझरला येणाऱ्या गार बाजूला अनेक जण पांढरा पाइप ठेवतात, 'गार पाणीच तर आहे' म्हणून. पण पाणी तापलं की फुगतं, आणि मागे अडवणारा व्हॉल्व्ह नसेल तर ते गार पाइपमध्येच मागे सरकतं. गिझरच्या तोंडापासून निदान मीटरभर गार बाजूही सीपीव्हीसीचीच हवी.

दाब

ज्या घरांत गिझर तापताना गळतं, तिथे नवा गिझर बसवताना त्याच्यासोबत आलेला सेफ्टी व्हॉल्व्ह पाहा. तो पाणी फक्त आत येऊ देतो, मागे जाऊ देत नाही. जुन्या गिझरला तो बऱ्याचदा नसायचा, म्हणून फुगलेलं पाणी गुपचूप टाकीकडे परत जायचं आणि कुणाला कळायचं नाही. १५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० वर नेलं की ते पाव लिटरच्या आसपास फुगतं. नळ बंद, मागचा रस्ता बंद, आणि पाणी तर दबत नाही. दाब चढतो. गच्चीवरची टाकी १० मीटर वर असेल तर एरवी गिझरवर जेमतेम १ बार दाब असतो. तापताना तो ८ बारपर्यंत जाऊ शकतो, कारण घरगुती गिझरचे सेफ्टी व्हॉल्व्ह साधारण तेवढ्यावर उघडतात. रोज सकाळी एवढा दाब खाणारा जोड आधीच ताणलेला असेल, तर तो सुटणारच.

सेफ्टी व्हॉल्व्हच्या बारीक तोंडातून तापताना चार थेंब पडले तर तो बिघाड नाही, तेच त्याचं काम आहे. ते थेंब बघून काही जण त्या तोंडाला प्लग मारतात. असं कधीही, कुठल्याही परिस्थितीत करू नका. थर्मोस्टॅट अडकला आणि पाणी उकळायला लागलं, तर वाफेला बाहेर पडायला तेवढाच रस्ता असतो. तो बंद केलेला गिझर फुटू शकतो. थेंब नको असतील तर त्या तोंडाला बारीक नळी लावून ती खाली नहाणीच्या जाळीकडे सोडा. नळीचं टोक उघडं राहिलं पाहिजे.

तुमच्या घरात त्या तोंडातून कधीच काही पडत नसेल आणि जोड मात्र तापताना गळत असेल, तर व्हॉल्व्ह क्षाराने जाम झालाय का ते बघा. बोअरच्या पाण्यावर हे नेहमी होतं. एमसीबी बंद करून, पाणी गार झाल्यावर व्हॉल्व्हची छोटी दांडी उचला. पाणी यायला हवं. आलं नाही तर व्हॉल्व्ह बदला. आणि गच्चीवर प्रेशर पंप लावलेला असेल तर त्याचा दाब गिझरला चालतो का, ते गिझरच्या पाटीवर लिहिलेल्या आकड्याशी ताडून पाहा. पंप नंतर लावला आणि गळती त्यानंतर सुरू झाली, असं बऱ्याच घरांत निघतं.

थर्मोस्टॅट ७५ वर ठेवून त्यात बादलीभर गार पाणी मिसळण्यापेक्षा ५५-६० वर ठेवा. आंघोळीला तेवढं पुरतं आणि जोडांचा निम्मा त्रास वाचतो. सीपीव्हीसी ८२ अंशांपर्यंत चालतो हे खरं, पण गरम झाल्यावर त्याची ताकद उतरते. एसडीआर ११ चा पाइप २३ अंशांना २८ बारच्या आसपास दाब घेतो, ८२ अंशांना जेमतेम ७.

जोड नव्याने करताना

इथे सगळ्यात जास्त घाई होते. व्हॉल्व्ह बंद केला तरी भिंतीतल्या पाइपातून पाणी झिरपत असतं आणि प्लंबर त्या ओल्या तोंडावरच सोल्युशन लावतो. तो जोड पहिल्या दिवसापासून कच्चा. खालचा नळ उघडून पाइप रिकामा होऊ द्या, तरीही झिरप थांबली नाही तर गच्चीवरचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करा. पाइप काटकोनात कापा, कड आतून-बाहेरून साफ करा, फिटिंग कोरडी बसवून बघा, मग पाइपला आणि फिटिंगच्या आत पातळ थर लावून पाव फेरा देत पूर्ण आत दाबा आणि अर्धा मिनिट धरून ठेवा. सोडलं की पाइप थोडा बाहेर येतो, म्हणून धरायचं. त्यानंतर २४ तास गरम पाणी सोडू नका. "अर्ध्या तासात चालू करा" असं सांगितलं तरी ऐकू नका, विशेषतः जानेवारीत, कारण थंडीत सोल्युशन सावकाश वाळतं. मे महिन्यात गच्चीवर याच्या उलट होतं. पाइप इतका तापलेला असतो की सोल्युशन बसवण्याआधीच कोरडं पडतं. ते काम सकाळी सातच्या आत उरका. गच्चीवरच्या उघड्या पाइपला पाण्यात मिसळणारा पांढरा रंग द्या, नाहीतर उन्हाने तो ठिसूळ होतो.

आता काही ठिकाणी पुश-फिट जोडही दिसायला लागले आहेत. पाइप नुसता दाबून आत घालायचा, आतले स्टीलचे दात त्याला धरतात आणि रबरी रिंग पाणी अडवते.  गळती टाळायची तर पाइपवर आत जाण्याच्या खोलीची खूण करून तिथपर्यंत दाबा. पाइपवर उभा ओरखडा असेल तर तो तुकडा कापून टाका, कारण रबरी रिंगखालून पाणी त्याच ओरखड्याने येतं. पेक्स नावाच्या मऊ, लवचिक प्लॅस्टिकचा पाइप असेल तर तोंडात आधाराची छोटी नळी घातल्याशिवाय बसवू नका. आरओच्या मशीनमधले पांढरे पुश-फिट तुकडे गार पाण्यासाठी असतात, ते गिझरला जोडायचे नाहीत.

सगळं झाल्यावर आधी गार पाणी भरा, गरम नळ उघडा आणि हवा जाऊन एकसारखी धार येईपर्यंत थांबा. मगच एमसीबी चालू करा, रिकामा गिझर तापवला तर कॉइल जळते. कागदाच्या पट्ट्या पुन्हा बांधा. पाणी तापताना, नळ चालू असताना आणि दुसऱ्या दिवशी पहाटे गार असताना, अशा तिन्ही वेळी पाहा.

तिन्ही वेळी जोडांवरचे कागद कोरडे आणि तरीही गिझरच्या बुडातून, कव्हरच्या कडेने पाणी ठिबकत असेल, तर आतली टाकी गेली आहे. तिथे जोड उघडून काही होणार नाही. गिझर बंद करा आणि टाकीची वॉरंटी किती वर्षांची आहे ते बिलासोबतच्या कार्डावर बघा. टाकीची वॉरंटी बऱ्याचदा बाकीच्या गिझरपेक्षा जास्त वर्षांची असते.